हलत्या गाडीतलं दही

शाळा सुरू झाल्या की इंग्लंडात ऊन पडतं. ऑगस्टभर छत्र्या घेऊन हिंडलेली माणसं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पंख्यांसाठी दुकानं पालथी घालतात, आणि आमच्या गल्लीतली पोरं नवेकोरे ब्लेझर घालून घामाघूम होत शाळेला जातात. यंदाही तेच झालं. कॉव्हेंट्रीतली आमची घरं ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली आहेत, आणि ती आपलं काम इमानेइतबारे करतात. शेजारची मार्गारेट कुंपणावरून म्हणाली, "तुला तर हे आवडतच असेल, तू इंडियातली." मी या देशात आले तेव्हा ही मार्गारेट शाळेत होती. मी हसले आणि आत आले.

ओट्यावर सकाळी विरजलेलं दूध होतं. झाकण उचललं, डबा जरासा कलता केला, तर आतलं जागचं हललं नाही. दुपारचे बारासुद्धा वाजले नव्हते आणि दही लागलं होतं.

ज्यांनी इंग्लंडात संसार केलेला नाही त्यांना यात काय विशेष ते कळायचं नाही. इथे दही लागत नाही, लावावं लागतं. वरच्या मजल्यावर बॉयलरचं कपाट असतं, लोक त्यात टॉवेल वाळवतात. आम्ही मराठी बायका त्यात दही लावतो. डबा जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळायचा, दार लावायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्या कपाटाकडे फिरकायचं नाही. हे मला जड गेलं नाही, कारण मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू वाढवायचं काम करत होते. रुग्णाचा नमुना काचेच्या बशीत पसरायचा, उबेला ठेवायचा आणि वाट बघायची. हलवायचं नाही, सारखं उघडून बघायचं नाही. घरी येऊन मी दूध कोमट करायला घेतलं की अविनाश म्हणायचा, "ओव्हरटाइम सुरू झाला."

अविनाश माझा नवरा. भूल देणारा डॉक्टर. तीन वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर या घरात दही लागलं ते आज पहिल्यांदा, आणि तेही मी ठरवून लावलं नव्हतं. सकाळी गॅसवर दूध होतं, दुकानातल्या दह्याचा डबा समोर उघडा होता, उन्हाने खिडकीचा कट्टा तापला होता. हातांनी आपलं आपण उरकून टाकलं.

तो गेला त्या वर्षीचा उन्हाळा आमच्याकडे असा नव्हताच. एप्रिलमध्ये अविनाशच्या पोटातला कॅन्सर कळला, मग औषधांच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि पाऊस जो लागला तो आमच्या घरातच लागला असं मला वाटायचं. घरचं दही तेव्हाच बंद झालं. औषधांनी अंगातली प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते, जिवंत जंतूंचं काही पोटात जाऊ द्यायचं नाही, असं आम्हाला सांगितलेलं होतं. जंतूंच्या बाबतीत मी कोणालाच सूट देत नाही. बॉयलरचं कपाट रिकामं झालं. सीलबंद डबीतलं काहीतरी गोडमिट्ट तो चमच्याने ढवळत बसायचा आणि म्हणायचा, "हे दही आहे, असं यांना कोणी सांगितलं?" पण खायचा नाही. हळूहळू काहीच खाईनासा झाला.

ऑगस्टमध्ये स्कॅन झाला. औषधांनी फारसं काही केलं नव्हतं. दुसरी औषधं आहेत, थोडी ताकद येऊ द्या, ऑक्टोबरपासून सुरू करू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. अविनाशने विचार करून सांगतो म्हटलं. आणि गाडीत बसल्यावर मला म्हणाला, "मला एकदा पूर्ण कोरडं व्हायचंय."

हा नगर जिल्ह्याच्या कोरड्या बाजूचा माणूस. सगळी नोकरी त्याने या भिजक्या देशात काढली आणि कुरकुर म्हणून केली नाही. त्याला वाळवंट बघायचं होतं. अमेरिकेतल्या त्या लाल घळी, ज्यांचे फोटो आमच्या बाथरूमच्या कॅलेंडरवर वर्षानुवर्षं लटकले होते. हॉटेलं त्याला झेपणार नव्हती, पलंग आणि संडास हाताशी हवे होते. मग आमच्या लेकीने, इराने, फिरत्या घरासारखी अख्खी गाडी भाड्याने घेतली. इकडे तिला मोटरहोम म्हणतात, तिकडे आरव्ही. इरा ब्रॅकनेलला एका कॉम्प्युटर कंपनीत आहे. तिने सुट्टी काढली, नकाशावर घळींच्या खुणा केल्या, आणि त्या अवाढव्य गाडीच्या चाकामागे ती अशी जाऊन बसली की जणू दूधवाल्याची फेरीच करायची आहे.

मी मात्र त्या सहलीला एकच काम घेऊन गेले होते. परत येईपर्यंत अविनाशकडून ऑक्टोबरला हो म्हणवून घ्यायचं.

ती गाडी डोळ्यांसमोर आली की आधी आवाज येतो. प्रत्येक कप्प्याला कडी, प्रत्येक खणाला खटका, आणि निघण्याआधी सगळं लावलंय ना ते बघायचं. आमच्याकडून काहीतरी राहायचंच. पहिल्याच वळणावर चमचे-झारे खणासकट बाहेर आले आणि इरा ओरडली, "आई, तुझा किचन पडतोय." इराच्या मराठीत सगळ्या वस्तू पुरुष आहेत. अविनाश मागे जेवणाच्या टेबलापाशी पट्टा लावून बसला होता, खिडकीला कपाळ टेकून. बाहेर गेरूने सारवल्यासारखी जमीन, आणि दूरवर घोंगड्यांच्या घड्या रचून ठेवाव्यात तसे थरांचे डोंगर. तो मधेच बोट दाखवायचा. मी मान हलवायचे आणि ऑक्टोबरचा विषय कुठून काढावा याचा विचार करायचे.

तो विषय त्यानेच काढला, आणि एका सुपरमार्केटच्या फ्रिजसमोर काढला. वाळवंटातलं लहानसं गाव होतं. इरा पलीकडे चिप्स शोधत होती. दुधाचे कॅन बघत अविनाश म्हणाला, "मेधा, दूध घे. घरचं दही लाव ना."

"तुला चालत नाही, अवि."

"आता चालतं."

मी फ्रिजचं दार धरून उभी राहिले. थंड हवा पायांवर येत होती. मी जंतूंची बाई, तो डॉक्टर. आम्हा दोघांना त्याचा अर्थ उलगडून सांगायची गरज नव्हती. जिवंत दही चालतं, म्हणजे पुढे औषधं घ्यायची नाहीत. म्हणजे ऑक्टोबर नाही. त्याचा विचार करून झाला होता, आणि तो मला अशा ठिकाणी सांगत होता की जिथे मला रडता येणार नाही. मी दूध घेतलं, साधं दही विरजणापुरतं घेतलं. पण मनातून मानलं नव्हतं. घरी गेल्यावर बघू, असं म्हणत मी बिलाच्या रांगेत उभी राहिले.

आता हसू येतं, पण पुढचे दोन दिवस मी जे केलं ते माझ्या लॅबमधल्या कोणा शिकाऊ पोरीने केलं असतं तर मी तिला घरी पाठवलं असतं. पहिल्या संध्याकाळी विरजण घातलं ते उंच पठारावर. दिवसा भट्टी आणि रात्री थंडी, हा वाळवंटाचा स्वभाव मला पुस्तकातून माहीत होता, पण माहीत असणं वेगळं. सकाळी डब्यात दूध ते दूध. मग मी दिवसाच्या उन्हावर भिस्त ठेवली. सकाळी विरजलं, डबा बेसिनमध्ये टॉवेलांच्या मधोमध घट्ट बसवला आणि इराला म्हटलं, चल. रस्ता म्हणावा तर चांगला होता, पण गाडी ती गाडीच. दुपारी उघडून बघितलं तर पार चोथापाणी.

"लॅबमध्ये आयुष्य काढलेली बाई," अविनाश म्हणाला, "आणि हलत्या गाडीत दही लावते."

"ऊब बरोबर होती," मी म्हटलं.

"घुसळायचे कष्ट वाचले, एवढंच." त्याने त्या पाण्यात मीठ टाकून दोन घोट घेतले आणि वाटी बाजूला ठेवली. पुढे त्या दिवशी काही खाल्लं नाही.

दही बिघडलं याचा मला मनातून आनंद झाला होता. जणू ते लागेपर्यंत काही ठरलेलं नव्हतं. आणि लगेच त्याचं मनगट दिसायचं, घड्याळ कोपराकडे घसरलेलं, आणि त्या आनंदाची शिसारी यायची.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात मोठी घळ बघायची होती. तेवढ्यासाठीच तर लोक जगभरातून येतात. आम्ही आदल्या संध्याकाळी वाटेतल्या एका मुक्कामाच्या जागी थांबलो होतो. लाल कड्यांच्या पायथ्याशी थोडी झाडं होती. इराने फोनवरून त्यांचं नाव शोधलं होतं, मी विसरले. एका बाजूला नदीचं पात्र होतं, पाणी नव्हतं. सकाळी इरा कड्या-खटके लावत फिरत असताना अविनाश म्हणाला, "आज कुठे जायला नको. आज थांबू. दही लागू दे."

"बाबा, पण आज तो मेन कॅन्यन आहे. इट्स द होल पॉइंट."

"असू दे."

"आपण एवढ्या लांब आलो आणि योगर्टसाठी थांबायचा?"

"दह्यासाठी," तो म्हणाला.

इरा चरफडत चपला घालून बाहेर गेली. मी दूध गॅसवर ठेवलं. तो समोर बसून बघत होता. हीच वेळ होती, म्हणून मी एकदाचं विचारलं, "ऑक्टोबरचं काय, अवि?"

"मेधा, जे महिने मिळतील ते त्या वॉर्डातल्या खुर्चीत, बादली मांडीवर घेऊन मिळतील. ते नकोत मला." मग म्हणाला, "मला जेवायचंय गं."

"आणि आम्ही?"

 त्याने माझा हात धरला, आणि आम्ही दोघं दूध तापताना बघत राहिलो. मला भांडायचं होतं. सगळं पाठ करून आले होते मी, एकेक मुद्दा. त्याचा हात हातात असताना त्यातलं काही आठवेना. दूध उतरवलं, निवू दिलं, करंगळी बुडवून बघितली. विरजण घातलं, ढवळलं, झाकण ठेवलं, डबा खिडकीतल्या उन्हात सरकवला. माझ्याकडून हो म्हणणं ते एवढंच. तोंडाने मी ते कधीही म्हटलं नाही.

मग आम्ही तिघंही बाहेर खुर्च्या टाकून बसलो, कारण पायरीवर कोणी पाय ठेवला तरी ती गाडी डुलायची. इरा चार्जर आणायला उठली तर मी तिला खाली बसवलं. एवढ्या मोठ्या वाळवंटात तीन माणसं एका डब्याला धक्का लागू नये म्हणून मुकाट बसली होती. अविनाशने चपला काढून पाय उघड्या दगडावर ठेवले होते. तो खरंच कोरडा दिसत होता, वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा हलका.

"बाबा, ऑक्टोबरचा डेट कन्फर्म झाला की सांग," इरा म्हणाली. "मी लीव्ह टाकते. तुला आणायला-सोडायला."

"इरा, ऑक्टोबर नाही."

"पुढे गेला?"

"नाही. मी नाही घेणार पुढची ट्रीटमेंट."

तिने माझ्याकडे बघितलं. "आई, तुला माहीत होता?"

"दूध घेतलं तेव्हापासून," मी म्हटलं.

"दॅट डझन्ट मेक सेन्स. यू आर जस्ट स्टॉपिंग, आणि आपण इथे दही करत बसलोय?"

"हो," अविनाश म्हणाला. "तेच करत बसलोय."

ती उठली आणि त्या कोरड्या पात्रातून चालत गेली. तिचा पिवळा टीशर्ट बराच वेळ दिसत होता, मग वळणाआड गेला. मी उठायला लागले तर तो म्हणाला, "जाऊ दे. येईल." ती परत आली तेव्हा तिचे पांढरे मोजे लाल झाले होते. खुर्चीत बसली.  ऊन पायांवरून गुडघ्यांवर आलं.

दही लागलं ते असं लागलं की चमचा उभा राहावा. घट्ट, कवडीचं, वर सायीचा पापुद्रा. गाडीत फोडणी केली की धुराचा अलार्म बोंबलायचा, म्हणून मी बाहेरच्या शेगडीवर मोहरी-मिरचीची फोडणी केली, भात कालवला आणि वाटी त्याच्या हातात दिली. त्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. वाटी संपवली. मग पुढे केली आणि म्हणाला, "अजून आहे?" एप्रिलपासून हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. इरा त्याच्याकडे बघत होती. तिचं नाक लाल होतं. तिने स्वतःची वाटी माझ्यापुढे धरली. त्या क्षणी मी सुखी होते, हे मला सांगितलंच पाहिजे. नवरा जाणार हे कळलेलं असताना, वाळवंटात, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मी सुखी होते.

त्यानंतर आमची सहल दह्याच्या वेळापत्रकावर चालली. सकाळी विरजायचं, दुपारी लागलं की निघायचं. लागलेलं दहीसुद्धा धक्क्यांनी फुटतं, म्हणून अविनाश डबा मांडीवर घेऊन बसायचा, वर टॉवेल. आणि इरा ती गाडी अशी चालवायची की सायकलवाल्याने पुढे जावं. मागे गाड्यांची रांग लागायची. लोक हॉर्न वाजवायचे, ट्रकवाले खिडकीतून हातवारे करायचे. ती जागा मिळेल तिथे बाजूला घ्यायची, सगळ्यांना पुढे जाऊ द्यायची, आणि पुन्हा त्याच चालीने निघायची. एरवी मोटरवेवर तिच्याशेजारी बसायचं म्हणजे मी देवाचं नाव घेत बसते.

"अशाने संध्याकाळ होईल," अविनाश मागून म्हणाला.

"होऊ दे," इरा म्हणाली. त्या दिवसानंतर ती बापाशी पहिल्यांदा बोलली ते हे दोन शब्द.

मोठी घळ राहिली ती राहिलीच. खुणा केलेल्यांतल्या बहुतेक राहिल्या. लोक विचारतात, एवढे जाऊन आलात, ती नाही पाहिली? नाही पाहिली. आम्ही दगडावर पाय ठेवून बसलो होतो. सूर्य गेल्यावरही दगड तापलेलेच राहायचे आणि अविनाश त्यांच्यावर तळहात टेकवून बसायचा, ताप बघतात तसा.

आमच्यात दह्याचा डबा कधी पुसून खात नाहीत. तळाशी चमचाभर ठेवायचं, ते उद्याचं विरजण. सासूबाईंनी मला हे सांगितलं नव्हतं, माझ्या आईनेही नाही. सगळ्या ठेवतात म्हणून मीही ठेवते. शेवटच्या सकाळी गाडी परत करायची होती, विमान दुपारचं होतं. भांडी आवरताना माझ्या हाताने चमचाभर दही वाटीत काढून झाकून ठेवलं. अविनाशने ते बघितलं. ते विमानातून नेता येणार नव्हतं, आणि त्या गाडीत आमचा उद्या नव्हता. त्याने झाकण काढलं, बोटाने वाटी पुसली, अर्धं बोट इराच्या तोंडात घातलं, ती तान्ही असताना घालायचा तसं, आणि उरलेलं स्वतः चाटलं. मी वाटी धुऊन कपाटात लावली. कडी घातली.

नाताळच्या आधी तो गेला. शेवटपर्यंत जेवला, थोडं का होईना. मधल्या त्या आठवड्यांत घरी दही लागत होतं, कपाटात, त्याच्याच स्वेटरमध्ये. तो गेला त्या दिवशीचा डबा कपाटातच राहिला. आठवण झाली तेव्हा त्याला बुरशी आली होती. मी तो तसाच्या तसा बाहेर टाकला, आणि पुन्हा लावलं नाही. एकटीला कसलं दही. दुकानात मिळतं की. लोक म्हणतात, दुःख हळूहळू कमी होतं. माझं तसं काही झालेलं नाही. मला त्याची सवय झाली आहे, पण मला तो हवा आहे. ऊन पडलं की जास्तच हवा असतो.

आज शनिवार, इरा आली होती. मायलेकींनी एकमेकींशी काय बोलायचं हे आम्हाला अजून नीट जमत नाही, मधला माणूस गेल्यामुळे. तिने ऑफिसचं सांगितलं, मी मार्गारेटचं सांगितलं. मग मी भात कालवला. पहिल्या घासाला तिचा चमचा थांबला.

"घरचा आहे," ती म्हणाली.

"हो. उन्हाने लागलं."

तिने दोनदा मागून घेतलं. मग उठली, मला बसवून ठेवलं आणि भांडी घासायला लागली. मी मागून बघत होते. डबा हातात घेऊन ती नळापाशी थांबली, नळ बंद केला. खण धुंडाळून एक छोटी डबी काढली आणि तळाशी उरलेलं चमचाभर दही खरवडून त्यात भरलं.

"हा मी नेऊ? तुझ्याकडे परत लागेल ना दुकानातून आणून?"

"ने की," मी म्हटलं. "दूध कोमट कर, कढत नको. आणि हलवू नकोस."

"आई, आय नो."

मी दाराशी उभी राहिले. तिने डबी शेजारच्या सीटवर ठेवली, स्वतःचं जाकीट तिच्याभोवती गुंडाळलं, आणि सीटबेल्ट ओढून तिच्यावरून लावला. मग गाडी काढली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे. तिथे ती इतकी हळू झाली की मला वाटलं बंद पडली. मागच्या व्हॅनवाल्याने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. इराने वेग वाढवला नाही.